बर्डीची टेकडी, सोल्फेरिनोचं मैदान आणि रस्त्यावर वाहणारं रक्त

बर्डीला खरेदीला जाणाऱ्या किती जणांना मान वर करून किल्ल्याकडे बघायची सवय आहे? फारच थोड्यांना. टेकडीच्या गणपतीला आपण हात जोडतो, स्टेशन गाठायची घाई असते, खाली गर्दी असते आणि वर जे आहे ते सैन्याच्या ताब्यात. वर्षातून 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट असे तीनच दिवस तिथे सामान्य माणसाला जाता येतं. मी दोनदा गेलो आहे. दोन्ही वेळा माझ्या मनात लढाई कमी आणि जखमी जास्त होते. डॉक्टरकीचा दोष म्हणा.

आज थोडी वेगळी वाट धरतो आहे. साखर, थायरॉइड, गुडघे हे विषय नेहमीचे आहेत, पुढच्या वेळी पुन्हा येतीलच. आज रक्तस्रावाबद्दल बोलू. त्यासाठी तुम्हाला आधी या टेकडीवर नेतो, मग इटलीतल्या एका मैदानावर, आणि मग परत आपल्याच रस्त्यावर.

26 नोव्हेंबर 1817. नागपूरकर भोसल्यांच्या गादीवर आप्पासाहेब होते. पुण्यात बाजीराव पेशव्यांचं इंग्रजांशी युद्ध सुरू झालेलं होतं. इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याने आपली फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर चढवली, एक मोठी आणि एक लहान. कंपनीची माणसं होती तेराशे-चौदाशे, त्यांत बहुतेक मद्रासी पलटणींचे देशी शिपाई. समोर भोसल्यांची अठरा-वीस हजारांची फौज, आणि तिच्यात लढायला सर्वांत कडवे मानले जाणारे अरब. संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. मध्यरात्रीनंतर जरा थांबला आणि पहाटे पुन्हा पेटला. सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने अचानक हल्ला चढवला, दारूगोळ्याचा स्फोट झाला, टेकडी पुन्हा कंपनीकडे गेली आणि 27 तारखेच्या दुपारपर्यंत सगळं संपलं. पुढे 16 डिसेंबरला सक्करदऱ्याकडे जी लढाई झाली तिने नागपूरचं राज्य खऱ्या अर्थाने इंग्रजांच्या हातात गेलं. शाळेत आपल्याला एवढंच शिकवतात, किंवा एवढंही शिकवत नाहीत.

मला यातला एक आकडा सोडत नाही. कंपनीच्या बाजूचे मृत आणि जखमी मिळून 367. म्हणजे साधारण दर चौघांत एक. आणि ठार झालेल्यांत एक सहायक शल्यचिकित्सकही होता. डॉक्टरच गेला!

आता डोळ्यांसमोर आणा. नोव्हेंबरातली थंड रात्र. उघडी खडकाळ टेकडी. शिपायांची बायकापोरं त्याच परिसरात, त्यांचा आकांत चाललेला. कुणाच्या मांडीत गोळी, कुणाचा हात तलवारीने तुटलेला. भूल द्यायची सोय नाही, कारण इथरची भूल यशस्वीपणे दाखवली गेली ती 1846 साली, जवळजवळ तीस वर्षांनी. जंतू म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही. लिस्टरने कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा सडण्यापासून वाचवायची पद्धत मांडली तेव्हा 1867 साल उजाडलं होतं. रक्त चढवण्याचा तर प्रश्नच नाही. अशा वेळी जखमी माणूस जगला तर कशाने? शेजारच्याने आपलं पागोटं फाडून जखमेवर दाबून धरलं तर. बाकी काही त्या टेकडीवर शक्य नव्हतं.

हे मी कंपनीच्या जखमींबद्दल लिहिलं, कारण आकडा त्यांचा आहे. जिंकणाऱ्याच्या दफ्तरात हरलेल्यांचे जखमी नावानिशी मोजलेले नसतात. भोसल्यांचे शिपाई, ते अरब, त्यांच्याही मांड्यांतून तेच लाल रक्त वाहत होतं.

यानंतर बेचाळीस वर्षांनी, 24 जून 1859 रोजी, उत्तर इटलीत सोल्फेरिनो नावाच्या गावाभोवती एक प्रचंड लढाई झाली. इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धातली. एका बाजूला फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन आणि पीडमाँट-सार्डिनियाचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ. दोन्हीकडचे मिळून जवळजवळ तीन लाख सैनिक. पहाटे सुरू झालेली लढाई संध्याकाळी वादळी पावसात थांबली. दिवसभरात पाच हजारांच्या आसपास माणसं जागीच मेली. मृत, जखमी आणि बेपत्ता असे सगळे धरले तर आकडा चाळीस हजारांच्या घरात जातो.

त्याच संध्याकाळी जवळच्या कास्तिल्योने गावात एक तरुण स्विस व्यापारी येऊन पोचला. त्याचं नाव आंरी द्युनां. वय एकतीस. अल्जीरियातल्या आपल्या धंद्याच्या कामासाठी त्याला सम्राटाची गाठ घ्यायची होती. तो डॉक्टर नव्हता, सैनिक नव्हता, त्याचा त्या युद्धाशी काही संबंध नव्हता. गावात जखमींचे गाडे येत होते. चर्चमध्ये, घरांत, अंगणात, रस्त्यावर गवताच्या पेंढ्यावर माणसं टाकलेली होती. डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. द्युनांने काय केलं? गावातल्या बायकांना गोळा केलं, पोरांना पाणी आणायला धाडलं, आपल्या गाडीवानाला ब्रेशिया शहरात पाठवून लिंबं, साखर, स्पंज, पट्ट्यांसाठी कापड, सदरे असलं सामान मागवलं. वाटेने जाणारे चारदोन प्रवासी, एक पत्रकार, एक पाद्री, जे हाती लागले त्यांना कामाला लावलं. फ्रेंच की ऑस्ट्रियन हे न बघता. ‘सगळेच भाऊ’ अशा अर्थाचे शब्द त्या बायका म्हणत होत्या, असं त्याने नंतर लिहिलं.

पुढची गोष्ट तुम्हाला थोडीफार माहीत असेल. 1862 मध्ये त्याने या अनुभवावर पुस्तक काढलं, 1863 मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती झाली, 1864 मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला आणि रेडक्रॉस उभी राहिली. 1901 चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला विभागून मिळालं. मधल्या काळात बिचाऱ्याचं दिवाळं निघालं होतं, हेही खरं. आपल्याकडे इंडियन रेडक्रॉस सोसायटी 1920 च्या कायद्याने सुरू झाली.

जाता जाता एक गोष्ट. अनेक दवाखान्यांच्या पाट्यांवर, डॉक्टरांच्या गाड्यांवर लाल क्रॉस रंगवलेला दिसतो. ते चिन्ह डॉक्टरांचं नाही. ते युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी राखलेलं आहे आणि आपल्या 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याप्रमाणे त्याचा परवानगीशिवाय वापर हा गुन्हा आहे. मी हे सांगितलं की माझे काही डॉक्टर मित्र चिडतात.

नागपूरचाही या परंपरेत एक धागा आहे, तो इथल्या फार कमी लोकांना ठाऊक असतो. 1938 साली काँग्रेसने जपानी आक्रमणाखालच्या चीनला पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक पाठवलं. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर होते, तरुण कोटणीसांपेक्षा वयाने कितीतरी मोठे. ज्या वयात माणूस निवृत्तीचे बेत करतो त्या वयात हा माणूस परक्यांच्या जखमा बांधायला परदेशी गेला.

असो. इतिहास पुरे. आता मला जे म्हणायचं आहे त्याकडे येतो.

आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसं मेली. हा सरकारी आकडा आहे. दिवसाला सरासरी 462. सोल्फेरिनोच्या मैदानावर एका दिवसात जितके जागीच मेले, तितके आपल्या रस्त्यांवर दहा-अकरा दिवसांत मरतात. आणि हे दर दहा-अकरा दिवसांनी होतं, वर्षभर. फरक एवढाच की आपल्या या मैदानाला कुठलं एक नाव नाही. ते वर्धा रोडवर आहे, अमरावती रोडवर आहे, रिंग रोडवर आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ जे घडलं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. राखीचे दिवस. ट्रकच्या धडकेत एका माणसाची बायको गेली. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात दाखवत राहिला, कुणी थांबलं नाही, आणि शेवटी त्याने तिचा मृतदेह मोटारसायकलला बांधला आणि घराकडे निघाला. कुणी थांबलं असतं तर ती वाचली असती असं मी म्हणणार नाही, ती जागीच गेल्याचं बातम्यांत होतं. पण न थांबणाऱ्यांना ते कुठे माहीत होतं? त्यांनी गाडीच्या काचेतून एक रक्ताळलेलं माणूस पाहिलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

आपण नागपूरकर निर्दयी आहोत असं मला वाटत नाही. रामनवमीच्या शोभायात्रेत आपण अनोळखी माणसाला आग्रहाने सरबत पाजतो. मग अपघातापाशी काय होतं? मी पेशंटना हे विचारतो आणि उत्तरं दोनच मिळतात. ‘डॉक्टर, पोलिसांची भानगड कोण लावून घेईल?’ आणि ‘आपण हात लावला आणि काही बरंवाईट झालं तर?’

पहिल्या भीतीला उत्तर कायद्याने दिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना देशभर बंधनकारक केल्या आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, स्वतःहून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, मदत करताना चूक होऊन त्यात जखमीला इजा झाली किंवा तो दगावला तरीसुद्धा. नाव-पत्ता द्यायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. दवाखान्यात सोडून निघून जायचं असेल तर निघून जा, कुणी अडवू शकत नाही. हे हक्क इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लिहून प्रवेशद्वाराशी लावणं प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयाला नियमाने बंधनकारक आहे. पुढच्या वेळी कुठल्या दवाखान्यात गेलात तर ती पाटी शोधा. नसेल तर विचारा, कुठे आहे म्हणून. आमच्या मंडळींना कुणी विचारल्याशिवाय जाग येत नाही.

दुसऱ्या भीतीचं उत्तर कायदा देऊ शकत नाही, ते मला द्यायचं आहे. आणि त्यासाठी शरीरात काय होतं ते समजून घ्यावं लागेल.

साठ किलोच्या माणसाच्या अंगात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं. म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या आठ-नऊ पिशव्या. त्यातली एक गेली तर तब्येतीने धडधाकट माणसाला विशेष काही होत नाही, रक्तदानात आपण त्याहून थोडं कमीच देतो. दोन गेल्या की शरीर धावपळ सुरू करतं. नाडी जोरात चालते, हातपाय गार पडतात, कपाळावर थंड घाम येतो, माणूस अस्वस्थ होतो. फसवी गोष्ट अशी की या टप्प्यापर्यंत रक्तदाब बऱ्याचदा ठीक दिसतो, माणूस बोलत असतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. मग तिसरी पिशवी जाते आणि तो अचानक कोसळतो. रक्तदाब घसरतो, बोलणं असंबद्ध होतं, शुद्ध हरपते. मांडीतली मोठी धमनी तुटली असेल तर हा सगळा प्रवास काही मिनिटांत संपतो.

म्हणून मला ‘गोल्डन अवर’ हा शब्द फारसा आवडत नाही. कायद्यातही तो आहे, अपघातानंतरचा पहिला तास, आणि एकूण उपचारांच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण सामान्य माणसाच्या मनात त्याने असं बसतं की आपल्या हातात एक तास आहे. पोटात आत होणाऱ्या रक्तस्रावात कदाचित असेल. मांडीतून उसळणाऱ्या रक्ताला नसतो. 108 ची रुग्णवाहिका कितीही जोरात आली तरी ट्रॅफिकमधून तिला यायला वेळ लागणारच. ती पाच-दहा मिनिटं डॉक्टरची नसतात. जो बाजूला उभा आहे, त्याची असतात.

आणि बाजूला उभे असलेले आपण काय करतो? पाणी पाजतो.

यावर थोडं थांबतो, कारण इथे आपली माया आणि शरीरशास्त्र यांची टक्कर होते. सोल्फेरिनोच्या जखमींचं सर्वांत मोठं मागणं पाण्याचं होतं. का? रक्त कमी झालं की मूत्रपिंडांना ते कळतं, तिथून संदेशांची एक साखळी सुरू होते आणि मेंदूतलं तहानेचं केंद्र चेतवलं जातं. भरपूर रक्त गेलेल्या माणसाला लागलेली तहान म्हणजे शरीराची ‘टाकी रिकामी होते आहे’ अशी ओरड असते. म्हणून जखमी ‘पाणी, पाणी’ करू लागला तर ते धोक्याचं लक्षण समजा. पण ती टाकी तोंडावाटे भरत नाही. धक्क्यात असलेल्या शरीराचं पोट जवळजवळ बंद पडलेलं असतं, प्यायलेलं पाणी तिथेच साचतं आणि उलटी होते. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर ते थेट फुफ्फुसात जातं. शिवाय लगेच शस्त्रक्रिया करायची तर भूलतज्ज्ञाला रिकामं पोट हवं असतं. द्युनांच्या जखमींची गोष्ट निराळी होती, ते जूनच्या उन्हात दिवसदिवस पडून होते आणि कुणाला लगेच ऑपरेशन टेबल मिळणार नव्हतं. तुमच्या समोरच्या माणसाला मेडिकल किंवा मेयो अर्ध्या तासावर आहे. शुद्धीत असेल तर ओल्या रुमालाने ओठ पुसा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात थेंबही घालू नका. आणि तोंडावर पाणी मारणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं हे सगळं सोडून द्या.

मग करायचं काय? दाबायचं. खरंच, ऐंशी टक्के काम एवढंच आहे असं मी माझ्या अंदाजाने म्हणतो.

रक्त नेमकं कुठून येतं ते शोधा, त्यासाठी कपडा फाडावा लागला तर फाडा. हाताशी असेल ते स्वच्छ कापड घ्या, ओढणी, दुपट्टा, गमछा, काहीही. जखमेवर ठेवा आणि दोन्ही तळहातांनी, कोपरं सरळ ठेवून, अंगाचा भार टाकून दाबा. हलकेच धरून ठेवणं म्हणजे दाबणं नव्हे. जखमी ओरडेल, ओरडू द्या. आणि दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबलं का’ बघू नका. रक्ताची गुठळी बसायला वेळ लागतो, तुम्ही उचललं की ती निघते. मदत येईपर्यंत दाबून ठेवा. कापड भिजून रक्त तसंच येत असेल तर बहुधा तुम्ही नेमक्या जागी दाबत नाही आहात, जागा सुधारा, वरून आणखी कापड ठेवा, जोर वाढवा. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर कापड बोटाने आत ठासून भरा आणि मग दाबा. विचित्र वाटेल, पण ते बरोबर आहे. जंतुसंसर्गाची चिंता आम्ही नंतर करू, त्यावर औषधं आहेत. सांडून गेलेलं रक्त परत आत घालायला तितकं सोपं नसतं.

हळद, कॉफी पावडर, चुना, माती यांतलं काहीही नको. मोठ्या रक्तस्रावात त्यांचा उपयोग शून्य आणि आमचं काम मात्र दुप्पट. शरीरात काच, सळई, लाकूड घुसलेलं असेल तर ते उपटू नका. तेच आतली फुटलेली नळी बंद करून बसलेलं असू शकतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी कापड रचून ते हलणार नाही असं करा.

हातापायाला दाबूनही रक्त उसळतच राहिलं तरच पट्टा आवळायचा. सुतळी, वायर, बुटाची नाडी नको, त्याने मांस कापलं जातं. किमान दोन इंच रुंद पट्टी हवी. जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, दोन-तीन इंचांवर, पण गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. गाठ मारून त्यात एखादी मजबूत काडी, पाना, काहीही घालून पिळा, रक्त थांबेपर्यंत. एकदा आवळल्यावर रस्त्यात ढिला करू नका. किती वाजता बांधला ते जखमीच्या हातावर किंवा कपाळावर पेनने लिहा. आम्हाला त्या वेळेची फार गरज असते, कारण साधारण दोन तासांपर्यंत पाय सुरक्षित राहतो, त्यापुढे धोका वाढत जातो.

मानेला पट्टा कधीही नाही. हे आपल्या नागपुरात मुद्दाम सांगावं लागतं, कारण संक्रांत आली की नायलॉन मांजा येतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कितीदा कान उपटले, तरी गल्लीबोळात तो मिळतो आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. असं कुणी दिसलं तर कापड जखमेवर ठेवून फक्त त्याच जागी बोटांनी दाबा. श्वासनलिका मोकळी ठेवा, मानेच्या दोन्ही बाजू एकदम दाबू नका. आणि विकत आणणाऱ्या बापाला माझ्यातर्फे एक विचारा: पोराचा पतंग कटू नये म्हणून किती रक्त चालेल तुला?

जखमी गाडीत अडकला असेल आणि आग वगैरेचा धोका नसेल तर ओढाताण करू नका, कण्याला इजा असू शकते. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा, म्हणजे जीभ किंवा उलटी घशात जाणार नाही. अंगावर चादर, शाल टाका, मे महिन्यातसुद्धा. थंड पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. आणि दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं, ज्याला आपल्याकडे मोठी मदत समजतात, ते शक्य तितकं टाळा. मान लटकते, जखम कुणी दाबत नाही. 108 किंवा 112 ला फोन करा. रुग्णवाहिका मिळतच नसेल तर चारचाकीत आडवं झोपवून, एकाने जखम दाबत न्या.

लवकर पोचवण्याला आज एक जादा अर्थ आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड नावाचं एक जुनं, स्वस्त इंजेक्शन आहे, बायकांच्या पाळीतल्या अतिरक्तस्रावासाठी आम्ही त्याच्या गोळ्या देतोच. चाळीस देशांतल्या वीस हजारांहून जास्त अपघातग्रस्तांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ते इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. घड्याळ इतकं महत्त्वाचं आहे.

आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. वाहन चालवण्याचा परवाना देताना आपण माणसाला आठाचा आकडा काढायला लावतो, खुणांच्या पाट्या ओळखायला लावतो. त्याच दिवशी त्याला एका बाहुल्यावर जखम दाबून दाखवायला लावा. अर्धा तास लागेल. तो करून दाखवल्याशिवाय परवाना नाही. ज्या यंत्राने माणूस मरू शकतो ते चालवणाऱ्याला वाहतं रक्त थांबवता आलं पाहिजे, यात मला अवघड काही दिसत नाही. नववी-दहावीच्या शाळांत हे वर्षातून एकदा व्हावं. मदत करणाऱ्याला सरकारने आता पंचवीस हजारांचं बक्षीस ठेवलं आहे, चांगलं आहे, पण ज्याला काय करायचं हे येत नाही तो बक्षिसासाठीही पुढे येणार नाही. त्याचे हात घाबरलेले असतात, नियत नव्हे.

आणि एक नागपूरची मागणी. 27 नोव्हेंबरला, लढाई संपली त्या तारखेला, टेकडीच्या पायथ्याशी दरवर्षी एक दिवस हे शिक्षण सगळ्यांसाठी ठेवावं. ऑटोवाले, पानठेलेवाले, पेट्रोल पंपावरची पोरं, महामार्गावरच्या ढाबेवाल्यांना आधी बोलवावं, कारण अपघातापाशी सर्वांत आधी तेच पोचतात. मनपा, रेडक्रॉस, आमच्या डॉक्टरांच्या संघटना, ज्याला जमेल त्याने पुढाकार घ्यावा. सतरंजी आणि माईकची सोय झाली तर शिकवायला मी येतो, पैसे नकोत.

तोवर आपल्या गाडीच्या डिकीत एवढं ठेवा: एक जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा साडीचा अर्धा भाग, दोन इंची पट्टी, एक कात्री, हातमोज्यांच्या दोन जोड्या, एक जुनी शाल आणि एक पेन. गाडीसोबत मिळालेल्या त्या लाल-पांढऱ्या डब्यात चार बँड-एड आणि सुकलेलं मलम असतं, ते दाढी करताना कापलं तर वापरा. आणि डिकीत ठेवण्याआधी आज रात्री घरात एकदा सराव करून बघा. कुणाच्या तरी मांडीवर घडी ठेवा, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाका आणि घड्याळ लावून तीन मिनिटं दाबून ठेवा. दुसऱ्या मिनिटाला खांदे दुखायला लागतील. दुखले तर समजा, जोर बरोबर लागतो आहे.